औषध संपलं की पुन्हा तेच: कुत्र्याच्या कातडीमागे हार्मोन आहे का, कसं शोधायचं?

आमच्या राणीचे केस पहिल्यांदा गेले ते शेपटीचे. राणी लॅब्राडॉर, तेव्हा सहा वर्षांची. शेपटीवरून हात फिरवला की गुळगुळीत लागायचं. मग पट्ट्याखाली मानेभोवती विरळ झालं, मग दोन्ही कुशींवर. पावसाळा लागला की पोटावर पुटकुळ्या, त्यांच्या खपल्या, अंगाला एक तेलकट कुबट वास. डॉक्टरांकडे न्यायचं, एक इंजेक्शन, पंधरा दिवसांच्या गोळ्या, औषधी शाम्पू. आठवड्याभरात पोर छान दिसायला लागायची. गोळ्या संपल्या की तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं. हे असं आम्ही दोन वर्षं केलं.

सकाळी नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला कुत्री फिरवणारे आम्ही बरेच जण भेटतो. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही शाम्पू कुठला वापरता? आमच्याचं पुन्हा उमटलंय." त्या 'पुन्हा'साठी हे सगळं लिहायला बसले आहे. शाम्पूचं नाव मी सांगेनही, पण त्याआधी मी एक प्रश्न विचारते आणि तुम्हीही तो स्वतःला विचारा: आधी खाज सुटली, की आधी केस गेले?

पिसवा, गोचीड, खरूज, ॲलर्जी यांत खाज आधी येते. कुत्रं ओरबाडतं, चावतं, मग केस जातात. हार्मोनच्या दुखण्यात उलटं होतं. केस मुकाट्याने जातात, कुत्रं खाजवतही नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही अंगांना सारखेच जातात, आरशात बघावं तसे. डोकं आणि पाय बऱ्याचदा शाबूत राहतात. खाज येते ती नंतर, उघड्या पडलेल्या कातडीत जंतू आणि यीस्ट शिरल्यावर.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. प्रत्येक केसाच्या मुळाला एक फेरा असतो: काही काळ वाढ, मग विश्रांती, मग जुना केस गळून नवा. हा फेरा पुढे ढकलायला थायरॉईडचं हार्मोन लागतं. ते कमी पडलं की मुळं विश्रांतीतच बसून राहतात. घासून गेलेला केस मग परत येत नाही. म्हणून सगळ्यात आधी घासल्या जाणाऱ्या जागा उघड्या पडतात, म्हणजे पट्ट्याखाली, कोपरांवर, शेपटीवर. शिवाय कातडीची जंतूंशी लढायची ताकदही घटते. अँटिबायोटिक दिलं की जंतू मरतात आणि कुत्रं बरं दिसतं. कातडी मात्र तशीच दुबळी राहते, आणि पुढचे जंतू यायला वेळ लागत नाही. औषध लागू पडतं आणि तरी दुखणं जात नाही, ते यामुळे. आमचे पहिले डॉक्टर संसर्गावर जे देत होते ते चुकीचं नव्हतं. संसर्ग परत का येतो, हे दोन वर्षांत ना त्यांनी विचारलं, ना मी.

आधी कातडी खरवडून बघा

हार्मोनचा संशय आला म्हणून थेट रक्त द्यायला पळू नका. आधी स्वस्तातल्या दोन तपासण्या होऊ द्या. डॉक्टर बोथट ब्लेडला तेलाचा थेंब लावतात, कातडी दोन बोटांत चिमटीत धरून दाबतात आणि त्याच जागी हळूहळू खरवडत राहतात, इतकं की बारीक लाल ठिपके दिसायला लागतात. एवढं खोल जावंच लागतं, कारण डेमोडेक्स नावाचा किडा केसाच्या मुळाशी राहतो. वरवर खरवडलं तर तो सापडत नाही आणि 'निगेटिव्ह' म्हणून आपण घरी येतो. दुसरी तपासणी पारदर्शक चिकटपट्टीची. ती कातडीवर दाबून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात आणि यीस्ट किंवा जंतू जागच्या जागी दिसतात. गोल चट्टे असतील तर गजकर्णाचीही तपासणी करून घ्या, तो घरातल्या मुलांनाही होतो.

डेमोडेक्स पिल्लांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि पुष्कळदा आपोआप आवरतो. पण सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला, तर किडा मारून थांबू नका. एवढी वर्षं आवरलेला किडा आता का माजला, हे विचारा. थायरॉईड कमी पडणं, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त होणं) किंवा स्टिरॉइडचा मारा, यांपैकी काहीतरी मागे असू शकतं.

घरात आलेली स्टिरॉइडं मोजा

हा भाग घाईत वाचू नका, कारण मी स्वतः इथे चुकले. हार्मोनचं दुखणं दर वेळी शरीरातूनच उपजतं असं नाही, ते आपणही बाहेरून घालतो. खाज थांबवायला दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, महिनाभर अंगात राहणारी इंजेक्शनं, कानाचे थेंब, डोळ्यांचे थेंब, आणि आपल्या घरच्या डब्यातली ती ट्यूब. बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर चालणारी म्हणून मेडिकलवाल्याकडून कुणीही घेऊन येतो ती. तिच्यात बहुधा क्लोबेटासोल असतं, आणि ते स्टिरॉइडांतलं फार जहाल स्टिरॉइड. कुत्रं ती चाटतं, म्हणजे कातडीतून जातं ते वेगळंच आणि पोटातून जातं ते वेगळं. राणीच्या पोटावर मी ती उन्हाळाभर लावत होते. कुणी सांगितली नव्हती, माझी मीच.

बाहेरून एवढं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, आणि कुत्र्यात कुशिंगसारखीच लक्षणं उमटतात: पोट सुटतं, कातडी पातळ होते, केस जातात, पाणी वाढतं. यावर उपाय स्टिरॉइड बंद करणं हाच, पण एका रात्रीत नाही. मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी तेव्हा झोपलेल्या असतात. गोळी अचानक तोडली तर कुत्रं उलट्या, जुलाब, अशक्तपणा यांनी कोसळू शकतं, जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांनी पायरीपायरीने उतरवायचा असतो. म्हणून कपाट उघडा, कुत्र्याला सहा महिन्यांत लावलेली, पाजलेली, टोचलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहा, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. फाइल हरवली असेल तर इंजेक्शनाचं नाव आधीच्या दवाखान्यात फोन करून विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पाणी मोजणं

घरी करता येण्यासारखी सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. सकाळी मापाच्या भांड्याने मोजून पातेल्यात पाणी भरा, मध्ये भर घातली तर तीही लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. असं लागोपाठ तीन दिवस. दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते जास्तच आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून अधिक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये थोडं वाढणारच, पण कुत्रं नळाखाली, बादलीत, फरशी पुसलेल्या पाण्यातही तोंड घालायला लागलं तर उन्हाळ्यावर ढकलू नका. घरात दोन कुत्री असतील तर तीन दिवस पातेली वेगळ्या खोल्यांत ठेवावी लागतील.

पाण्याचा आकडा इथे वाट दाखवतो. थायरॉईड कमी पडलेलं कुत्रं सहसा पाणी जास्त पीत नाही. ते सुस्तावतं, खाणं तेवढंच असून वजन चढतं, त्याला थंडी सोसत नाही. राणी डिसेंबरात, निफाडकडून गार वारं सुटलं की गच्चीवरून खालीच यायची नाही, दुपारभर उन्हाचा चौकोन सरकेल तशी सरकत राहायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. सहाव्या वर्षी लॅब्राडॉरचं वय होत नसतं! कुशिंगचं कुत्रं याच्या उलट: पाणी पाणी करतं, रात्री उठून घरात लघवी करतं, भुकेने स्वयंपाकघरात ठाण मांडतं, गार फरशीवर पडूनही धापा टाकतं. अर्थात तहान वाढण्यामागे मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणंही असू शकतं, तेव्हा रक्त-लघवी तपासल्याशिवाय नाव ठरवू नका.

थायरॉईडचा रिपोर्ट वाचताना

थायरॉईडची कमतरता मुख्यतः मध्यम वयाच्या, मध्यम ते मोठ्या जातींत दिसते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल ही आपल्याकडे नेहमी भेटणारी मंडळी. दोन वर्षांच्या आतल्या किंवा अगदी छोट्या जातीच्या कुत्र्यात ती क्वचितच, त्यामुळे पोमेरेनियनचे केस गेले की लगेच थायरॉईडची गोळी सुरू करणं बरोबर नाही.

राणीचा पहिला रिपोर्ट मी घराजवळच्या, माणसांच्या लॅबमधून काढून आणला होता. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, त्याच्यापुढे ठळक अक्षरांत 'लो'. मला वाटलं, सापडलं एकदाचं. नाशिकरोडच्या ज्या डॉक्टरबाईंकडे नंतर गेले, त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि कारणं सांगितली. ती मी इथे देते, कारण याच जागी बरेच जण फसतात.

कुत्र्याचा टी-फोर माणसापेक्षा मुळातच बराच कमी असतो. रिपोर्टवर माणसाची मर्यादा छापलेली असेल तर ठणठणीत कुत्रंही 'लो' दिसेल. कुत्र्याचं टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) तर माणसाच्या किटवर नीट मोजलंच जात नाही, त्याला कुत्र्यांसाठीचीच तपासणी लागते. तेव्हा नमुना देताना तो कुठल्या लॅबला जाणार आणि तिथे कुत्र्यांची मर्यादा वापरतात का, हे विचारून घ्या.

दुसरं म्हणजे, कुठल्याही आजारात टी-फोर खाली येतो. गोचीडताप असो, कातडीचा मोठा संसर्ग असो, ग्रंथी निरोगी असली तरी आकडा पडतो. स्टिरॉइड, सल्फाची औषधं, फिटवरची फेनोबार्बिटोन यांनीही पडतो. राणीच्या अंगात तेव्हा स्टिरॉइड होतं, त्यामुळे तो आकडा काहीच सांगत नव्हता. डॉक्टरांनी ते उतरवत नेलं, संसर्ग आटोक्यात आणला, त्यानंतर दीड महिना थांबायला लावलं आणि मग पुन्हा रक्त घेतलं. टी-फोर कमी आणि त्याच्या जोडीला टीएसएच वाढलेलं, असं आल्यावर त्यांनी होकार दिला. रक्तात कोलेस्टेरॉल चढलेलं आणि थोडा ॲनिमिया होता, तेही या दुखण्याशी जुळतं. कधी कधी टीएसएच वाढत नाही आणि तरी दुखणं थायरॉईडचंच असतं, तेव्हा फ्री टी-फोरची तपासणी कामी येते. ग्रेहाउंड, सलुकी यांसारख्या सडपातळ शिकारी जातींत टी-फोर जन्मतःच कमी असतो. कारवानी पाळणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावं.

गोळी सुरू झाली, तरी फरक नाही?

औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, माणसांना देतात तेच. पण कुत्र्याचा डोस माणसाच्या कितीतरी पट असतो, साधारण किलोमागे 20 मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. राणीचं वजन 36 किलोवर गेलं होतं, डॉक्टरांनी तिच्या मूळ 30 किलोच्या हिशेबाने 600 मायक्रोग्रॅम लिहिले. म्हणजे 100 च्या सहा गोळ्या सकाळी, सहा रात्री. मेडिकलवाले दादा चिठ्ठीकडे बघतच राहिले. "ताई, लिहिण्यात चूक झालीय, एवढ्या माणसालाही देत नाहीत." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला तेव्हा कुठे गोळ्या दिल्या. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. पण हा आकडा वाचून घरच्या घरी डोस ठरवू नका. हृदयाचं दुखणं असलेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला कमी डोसवरून चढवतात.

तीन आठवड्यांत राणी गेटपर्यंत धावत आली. कातडीवर मात्र काही नाही. उलट केस आणखी गळायला लागले आणि घरात सगळे घाबरले, सासूबाई तर म्हणाल्या, बंद कर ते औषध. तेव्हा कळलं की हे होतंच: विश्रांतीत बसलेली मुळं जागी झाली की जुने केस आधी पडतात. उत्साह एक-दोन आठवड्यांत येतो, केसांना तीन ते सहा महिने द्यावे लागतात. एवढ्यात बरेच जण औषध सोडतात, आणि पुन्हा शाम्पूपाशी येतात.

आमचं आणखी एका ठिकाणी अडलं. दीड महिन्यानंतरच्या तपासणीत टी-फोर हवा तेवढा चढलाच नव्हता. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, गोळी कशातून देता? मी दहीभातात कुस्करून देत होते. खाण्याबरोबर ही गोळी नीट शोषली जात नाही. मग सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी गोळी आणि तासाभराने जेवण, असं केलं. डोस तोच राहिला आणि पुढच्या वेळी आकडा बरोबर आला. डोस बरोबर बसतोय का हे बघायचं रक्त गोळी दिल्यापासून चार ते सहा तासांनी देतात, म्हणून गोळीची वेळ लिहून न्या. डोस जास्त झाला तर कुत्रं बेचैन होतं, धापा टाकतं, खाऊनही बारीक होतं, पाणी वाढतं. असं दिसलं तर वाट न बघता फोन करा. हे औषध जन्मभराचं आहे.

पोट लोंबतंय आणि तहान भागत नाही

ट्रॅकवरच्या एका काकांच्या दहा वर्षांच्या डॅशुंडचं पोट हंडीसारखं सुटलं होतं. कातडी इतकी पातळ, की पोटावरच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात, आणि त्यावर काळे ठिपके. काकांना वाटत होतं की खातो म्हणून सुटलंय. ते निघालं कुशिंग. यात शरीर कॉर्टिसॉल भरमसाट बनवतं. दहातल्या सुमारे आठ कुत्र्यांत कारण मेंदूतळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बारीक गाठीत असतं, बाकीच्यांत ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीत. एकदा रक्त काढून कॉर्टिसॉल बघितला, तर तेवढ्यावर काही ठरत नाही. डेक्सामेथासोनचं छोटं इंजेक्शन देऊन चार आणि आठ तासांनी पुन्हा रक्त घेतात, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुत्रं दवाखान्यात. घरून पांघरूण न्या, ओळखीच्या वासाने ते शांत राहतं आणि घाबरण्यामुळे आकडे बिघडायचा धोका कमी होतो. पोटाची सोनोग्राफीही करतात.

औषध ट्रायलोस्टेन. ते जेवणाबरोबर द्यायचं, थायरॉईडच्या गोळीच्या नेमकं उलट. उपचार चालू असताना कुत्रं खायचं थांबलं, उलट्या करू लागलं किंवा गळून गेलं, तर पुढचा डोस देऊ नका आणि तडक डॉक्टर गाठा, कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेलेला असू शकतो. काकांचा डॅशुंड आता रात्री झोपतो, आणि काकाही.

नर, एक अंड पोटातच राहिलेला

मखमलाबादकडच्या एका द्राक्षबागेतला राखणीचा कुत्रा, नऊ वर्षांचा. मांड्यांच्या मागचे केस गेलेले, स्तनाग्रं सुजलेली, आणि दुसरे नर त्याच्या मागे लागायचे. एक अंड कधी खाली उतरलंच नव्हतं. अशा पोटात राहिलेल्या अंडात सर्टोली पेशींची गाठ होण्याचा संभव जास्त असतो, आणि ती स्त्री-हार्मोन सोडू शकते. शस्त्रक्रियेने अंड काढलं की केस काही महिन्यांत परत येतात. मात्र ऑपरेशनआधी पूर्ण रक्तगणना हवीच, कारण हे हार्मोन हाडांतल्या मगजावर घाला घालतं आणि पेशी धोक्याइतक्या कमी झालेल्या असू शकतात. पिल्लाचं एक अंड उतरलं नसेल तर ते वेळीच काढून घ्या, नऊ वर्षं थांबू नका.

पोमेरेनियनची काळी कातडी

पोमेरेनियन आणि स्पिट्झ घराण्यातल्या कुत्र्यांचे धडावरचे केस जातात, कातडी काळी पडते, डोकं आणि पाय मात्र केसाळच राहतात, आणि कुत्रं अगदी मजेत असतं. बाकी सगळं तपासून काही निघालं नाही की याला ॲलोपेशिया एक्स म्हणतात. हे दुखणं दिसण्यापुरतं असतं. काहींना नसबंदीनंतर, काहींना मेलाटोनिनने केस येतात, काहींना येत नाहीत. जिवाला धोका नाही, म्हणून जहाल औषधांच्या मागे लागू नका. आणि कळकळीने सांगते, उन्हाळ्यात अशा दुहेरी केसांच्या कुत्र्यावर मशीन फिरवू नका. कधी कधी भादरलेले केस वर्षभर उगवत नाहीत. विंचरून आतले मेलेले केस काढा, सकाळी लवकर फिरवा, पंखा लावा.

कडुलिंबाचं तेल, हळद, करंज तेल यांबद्दल मला नेहमी विचारतात. थायरॉईड कमी असेल तर यांतलं काहीच तिथवर पोचत नाही, आणि लावलेलं सगळं कुत्रं चाटतं. गाडीचं जळालेलं ऑइल मात्र कधीच लावू नका, ते विष आहे. संसर्गासाठी आम्ही क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू वापरतो. फेस करून दहा मिनिटं घड्याळ लावून अंगावर राहू द्यायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर त्याचा उपयोग होत नाही.

डॉक्टरांकडे निघताना पिशवीत एवढं घ्या: तीन दिवसांच्या पाण्याचे आकडे, औषधांचा तो कागद, सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, आणि मोबाइलमधले तारखेसकट जुने फोटो. दोन्ही कुशींचे फोटो वेगवेगळे काढा, एकाच उजेडात. राणीच्या शेपटीचे मी दर पंधरा दिवसांनी काढत होते. चौथ्या महिन्यातल्या फोटोत पहिल्यांदा बारीक, काळी लव दिसते.